डायनोसॉर आम्ही मारले

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर शेषगिरी म्हणतात, राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं. रक्तदाब खाली येतो म्हणे. आमच्या जावईबापूंनी, म्हणजे प्राणेशनं, लगेच ही डायरी आणून दिली. प्रतिमानं ती हातात घेतली, पानं चाळली आणि म्हणाली, "एवढीशी पुरेल का हो?" बायकोला विनोदाचं अंग नाही, त्यामुळे ही थट्टा होती की चौकशी, ते कळलं नाही.

तर पहिला राग. आज चामराजपेटच्या हॉलवर आमच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाची गणपतीची बैठक झाली. यंदा देखावा कोणता करायचा? कुणी म्हणे किल्ला, कुणी म्हणे मेट्रो. मेट्रो! रोज लटकतोच आहोत की तिच्यात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पृथ्वीवरचे पाच महाविनाश."

 मग कस्तुराबाई म्हणाल्या, "अहो सबनीस, गणपती विघ्नं हरायला येतो. त्याच्यापुढे तुम्ही पाच-पाच विघ्नं मांडणार?"

मी समजावून सांगितलं. पहिल्या वेळी सगळीकडे बर्फ झालं, समुद्र आटले. दुसऱ्या वेळी समुद्रातला प्राणवायू संपला. तिसरा सगळ्यांत भयंकर, सैबेरियात जमीन फाटून लाव्हा वाहिला आणि समुद्रातल्या बहुतेक सगळ्या जाती गेल्या. चौथ्यालाही ज्वालामुखीच. पाचव्याला डायनोसॉर. आणि प्रत्येक वेळी, कस्तुराबाई, जे उरले त्यांनी नव्यानं डाव मांडला! याहून मंगल काय असतं?

शेवटी डायनोसॉर तेवढे मंजूर झाले, कारण मुलं येतील. उरलेले चार महाविनाश कमिटीनं एका हात वर करण्यात संपवले.

५ ऑगस्ट, मंगळवार

कृष्णाजी अष्टेकर हा माणूस माझा मित्र आहे की माझी परीक्षा, हे आता ठरवायला पाहिजे. मूळ निपाणीचा, इथे चामराजपेटमध्ये त्याचं मांडववाल्याचं दुकान आहे. तारा, दिवे, झालरी सगळं तोच बघतो. आज म्हणतो, "सर, सोप्पं हाय की. वरनं तारेवरनं एक दगड सोडायचा. धडाम् करायचं. डायनोसॉर आडवे. लोक टाळ्या वाजवतात, झालं."

मी म्हणालो, "कृष्णाजी, तो दगड मेक्सिकोत पडला."

"पडू दे की."

"आणि त्याच काळात इथे, आपल्या घरी, काय चाललं होतं? अख्खा सह्याद्री बाहेर पडत होता! लाव्हाचे थरावर थर. तो दगड पडायच्या आधी लाखो वर्षं आपला डोंगर धूर सोडत होता. विषारी वायू, आम्लाचा पाऊस. डायनोसॉर आधीच अर्धमेले होते. त्यांना मेक्सिकोनं नाही मारलं. आम्ही मारलं."

"असं अभिमानानं सांगायचं असतंय काय हो, सर?"

पण सांगायचंच! जगभर त्या दगडाचं कौतुक. मान्य, पुरावा आहे, सगळ्या जगात मातीचा एक पातळ थर सापडतो आणि त्यात अवकाशातल्या दगडात असतो तसला धातू आहे. नाही कोण म्हणतं? पण एवढी मोठी घराणी एका दगडानं मोडत नाहीत. आधी कितीतरी काळ काहीतरी सडत असावं लागतं. हे त्या मांडववाल्याला कळत नाही, आणि घरी सांगावं तर प्रतिमा म्हणते, "मला कळलं, आता जेवा." तिलाही जेवताना काहीतरी सांगायचं होतं वाटतं, पण माझं सैबेरिया मध्येच राहिलं होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

डोंगराचा सांगाडा घरीच करायला घेतला. गॅलरीत जागा हवी म्हणून प्रतिमाच्या कुंड्या खाली गेटपाशी नेऊन ठेवल्या. रंग कालवायला तिचे डबे फार सोयीचे आहेत, झाकणं घट्ट बसतात.

कस्तुराबाईंचा फोन आला होता. रविवारच्या मराठी वर्गात मुलांना शिकवायला प्रतिमाला बोलवत होत्या. मी परस्पर नाही सांगून टाकलं. तिचे गुडघे दुखतात, हॉलला जिने आहेत. तिला सांगायचं राहिलं. उद्या सांगेन.

१० ऑगस्ट, रविवार

आज आमची लेक यशश्री आणि प्राणेश नाश्त्याला येणार होते. इडली. आता एका चांगल्या कामासाठी मी इडलीपात्राच्या झाकणाला भोक पाडून पाइप बसवला होता, हे मला आधी सांगायला हवं होतं असं सगळ्यांचं म्हणणं. गरम पाण्यात ड्राय आइस टाकला की पांढरा शुभ्र धूर निघतो, आणि पात्रातून तो पाइपनं थेट डोंगराच्या तोंडातून बाहेर. प्रयोग काल यशस्वी झाला. आयुष्यभर प्रयोगशाळेत भट्ट्या तपासल्या मी, एक इडलीपात्र काय घेऊन बसलात!

 प्रतिमा झाकण हातात धरून भोकातून माझ्याकडे बघत राहिली, मग उपमा केला. प्राणेश म्हणाला, "अप्पा, परवा इल्ला, काही हरकत नाही, उपमा छान आहे." चांगला मुलगा. मी त्याला सैबेरिया सांगितलं.

निघताना यशश्री म्हणाली, "आई चार दिवस येतेय माझ्याकडे." प्रतिमाची बॅग भरलेली होती. इतक्या पटकन कशी भरली कोण जाणे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस झाले. फोन केला तर यशश्री म्हणते, "बाबा, तिला राहू दे स्वल्प." स्वल्प म्हणे. ही पोरगी शहराच्या त्या टोकाला, एचएसआर लेआउटला गेल्यापासून निम्मी कन्नड बोलते.

कृष्णाजी डोंगर बघायला आला. घरात चहा नाही हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "वहिनी कुठं?" सांगितलं. इडलीपात्राचंही सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला.

"सर, एका इडलीपात्रानं बाई घर सोडत नाही."

"मग? अजून काय झालंय? त्या दिवसापर्यंत सगळं सुरळीत होतं. एकदम झालं हे, अचानक."

"सरी सर, बरोबर," म्हणाला आणि डोंगराकडे बघून हसला. का हसला? मला न कळणारं हसू मला आवडत नाही.

मी सरळ माणूस. कारण कळलं की उपाय करायचा. नवीन इडलीपात्र मागवलं, पहिल्याच्या दुप्पट मोठं, थेट एचएसआरच्या पत्त्यावर.

१६ ऑगस्ट, शनिवार

पात्र पोचलं. प्रतिमाचा मेसेज आला, फक्त अंगठा. अंगठा म्हणजे काय? आवडलं? ठेवून घेतलं? आमच्या प्रयोगशाळेत असा अहवाल कुणी दिला असता तर मी त्याला घरी पाठवला असता.

रात्री पोहे केले. चांगले झाले नाहीत. हे लिहायचं कारण एवढंच की रागाव्यतिरिक्त आणखी काय काय लिहायचं हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. घर फार मोठं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

स्वतः गेलो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला बस अशी थांबली की तेवढ्यात एखादी जात नष्ट होऊन दुसरी जन्माला आली असती. प्रतिमानं दार उघडलं. चेहरा ताजा दिसला. इतका ताजा की मला थोडं वाईट वाटलं.

मी म्हणालो, "नवीन पात्र कसं आहे?"

"मोठं आहे."

"मग चल आता. इडलीपात्रासाठी कुणी घर सोडतं का?"

"नाही सोडत," ती म्हणाली.

हेच तर मी म्हणत होतो! आमचं एकमत झालं, आणि तरी ती आली नाही. जेवायला वाढलं, बसस्टॉपपर्यंत सोडायला आली, जिने भराभर उतरली. गुडघे बरे दिसतात. म्हणून मग मराठी वर्गाचं सांगून टाकलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "कस्तुराबाईंनी विचारलं, गुडघे कसे आहेत."

मी म्हणालो, "बघ, किती काळजी घेतात लोक."

बस आली नसती तर ती आणखी काही बोलली असती असं वाटतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कृष्णाजीशी तह झाला. त्यानं मोबाइलवर कुठूनसं शोधून आणलं की काही शास्त्रज्ञांच्या मते दगड आदळल्याच्या हादऱ्यानं आपला लाव्हा आणखी जोरानं वाहायला लागला असेल. म्हणजे दोघंही. "तुमचा डोंगर आधीपासनं धुमसालता, माझा दगड शेवटी पडला. दोघांनी मिळून मारलं की, सर!" मी नाक मुरडलं, पण म्हटलं ठीक. डोंगर आधी, दगड नंतर, आणि निवेदनात डोंगराला जास्त वेळ.

निवेदन लिहून झालं. बारीकसारीक सगळं आलंय. पण वाचणार कोण? दरवर्षी प्रतिमा वाचते. तिचा आवाज लागला की हॉलमधली पोरं चिडीचूप होतात. मी वाचलं की हॉलमधले लोक बाहेर जाऊन चहा पितात, हे निरीक्षण कृष्णाजीचं.

२३ ऑगस्ट, शनिवार

निवेदन रेकॉर्ड करायला मोबाइल घेऊन पुन्हा एचएसआर. प्रतिमा वाचायला कबूल झाली, लगेच, काही अटी न घालता. म्हणजे राग नाही. मी मोबाइल तिच्यासमोर धरून बसलो. सैबेरिया छान वाचलं. मी फक्त जिथे चुकत होती तिथेच थांबवलं. मग डोंगराचा परिच्छेद आला. तो इथे उतरवतो, कारण चांगला जमलाय:

"ज्वालामुखीनं कुणालाही एका दिवसात मारलं नाही. तो नुसता धुमसत राहिला. आसपासच्यांना त्याच्या धुराची सवय झाली. हवा रोज किंचित कमी होत गेली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एक दिवस आकाशातून एक दगड पडला, आणि सगळे म्हणाले, दगडानं घात केला."

प्रतिमा वाचता वाचता थांबली. परत पहिल्यापासून मनात वाचलं. मग विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कुणी?"

"एकदा मोठ्यानं वाचून दाखवा बघू मला."

वाचून दाखवलं. 'किंचित' हा शब्द खटकला, पण बाकी भाषा ओघवती आहे. वर बघतो तर प्रतिमाच्या डोळ्यांत पाणी, आणि हसतही होती. यशश्री स्वयंपाकघरात निघून गेली. मी प्रतिमाला म्हणालो, "अगं, साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला." ती आणखीनच हसायला लागली. एकंदरीत निवेदन परिणामकारक झालंय यात शंका नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

डोंगर टेम्पोतून हॉलवर नेला. मी आत बसणार आहे, स्टुलावर. पुढ्यात इडलीपात्र, बाजूला ड्राय आइसची पेटी. त्याचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खाली साचतो, हे मला माहीत आहे, म्हणून डोंगराला मागून चांगली मोठी खिडकी ठेवली. डायनोसॉरांच्या बाबतीत झाली ती हयगय माझ्या बाबतीत होणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

आरती झाली. हॉल खच्चून भरला. प्रतिमाही आली होती, यशश्री-प्राणेशबरोबर, मागच्या रांगेत उभी, मोरपंखी साडी. मी हात केला. तिनंही केला. मग मी डोंगरात शिरलो.

आत काळोख होता म्हणून मोबाइलचा दिवा लावला. निवेदनाचं रेकॉर्डिंग त्याच मोबाइलमध्ये. ऐन वेळी मोबाइल मेला. बाहेर कृष्णाजी ओरडतोय, "सर, आवाज सोडा! लोक बसलेत!" आणि मी डोंगराच्या पोटातून ओरडतोय, "चार्जर! चार्जर!" लोकांना वाटलं, डायनोसॉर ओरडतोय. टाळ्या पडल्या.

मग कस्तुराबाईंचा आवाज, "प्रतिमा, ये गं पुढे, तूच वाच." आणि माइकवर प्रतिमा.

मी आतून धूर सोडायला लागलो. निवेदनाचा कागद तिच्याकडेच राहिला होता. ती बाहेर, मी आत. ती दिसत नव्हती. तिला थांबवता येत नव्हतं. तिनं एक आकडा चुकवला, तर मी तोंड उघडलं आणि धुरानं खोकलो. दुसरा चुकवला. पुन्हा खोकलो. तिसऱ्यापासून नाद सोडला आणि नुसता ऐकत बसलो. इतकी वर्षं ती वाचते, आणि मी दर वेळी शेजारी उभा राहून पुढचं वाक्य ओठांनी म्हणत असतो. नुसतं ऐकलं ते आज.

डोंगराचा परिच्छेद आला. ती तो सावकाश वाचत होती, कुणाला काही ऐकवायचं म्हणून नाही, आपल्याला पाठ असलेलं सांगावं तसं. आसपासच्यांना धुराची सवय झाली. हवा रोज किंचित कमी होत गेली. मला एकदम वाटलं, हे कुणीतरी माझ्यावर लिहिलंय. आणि लिहिणारा गाढव मीच! छातीत धस्स झालं. कुंड्या, डबे, मराठी वर्ग, जेवताना राहिलेलं तिचं वाक्य, आणि किती जेवणं, देवा, किती जेवणं.

धस्स झालं ते सगळं काही त्यामुळेच नव्हतं म्हणा. डोकं गरगरायला लागलं, श्वास भराभर चालू झाला. मागे हात लावला तर खिडकीवर कापड. कृष्णाजीनं मागची बाजू बोडकी दिसते म्हणून झालर ठोकून टाकली होती! उठायला गेलो तर पायात जीव नाही.

बाहेर प्रतिमाचा आवाज मध्येच थांबला.

"अहो," ती माइकवर म्हणाली. "खोकला का थांबला तुमचा?"

हॉल हसला. मला उत्तर देता येईना.

"अहो! कृष्णाजी, डोंगर उचला. उचला आधी!"

लोकांनी सह्याद्री उचलला. खरंच, थर्माकोलचा अख्खा सह्याद्री चार-पाच जणांनी हातावर घेतला आणि त्याच्याखालून मी निघालो, स्टुलासकट, घामाघूम, पांढऱ्या धुरात. त्या धांदलीत कुणाचा तरी पाय तारेला लागला आणि कृष्णाजीचा दगड सुटला. धडाम् आवाज झाला, सगळे डायनोसॉर आडवे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणे, असा देखावा चामराजपेटमध्ये झाला नव्हता.

प्रतिमानं मला हॉलच्या पायऱ्यांवर बसवलं. पाणी दिलं. पदरानं वारा घालत होती. "मेला असतात," ती म्हणाली. "त्या इडलीपात्रापायी मेला असतात."

मी म्हणालो, "इडलीपात्र..."

"पुन्हा नाव काढलंत तर आत्ताच्या आत्ता रिक्षा करीन."

मी उरलेलं पाणी प्यायलो. श्वास नीट लागला. मग विचारलं. वाक्य मोठं तयार केलं होतं, पण बाहेर एवढंच आलं. "प्रतिमा, का गेलीस?"

तिनं वारा घालायचा थांबवला. "ऐकणार आहात?"

"हो."

"मध्ये बोलणार नाही?"

याचं उत्तर दिलं तर तेही मध्ये बोलणंच होईल की काय, या विचारात मी नुसती मान हलवली. तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "उद्या या एचएसआरला," म्हणाली. "सकाळी. वेळ काढून."

२८ ऑगस्ट, गुरुवार

गेलो. मंडळात कळवून टाकलं की डोंगर आता कृष्णाजी बघेल, झालर काढून.

ती बोलली. मी ऐकलं. मध्ये तोंड उघडलं जायचं तेव्हा तेव्हा चहाचा घोट घेतला. फार चहा झाला.

ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं की मी त्यात दुरुस्त्या करीन.

३१ ऑगस्ट, रविवार

आज संध्याकाळी विसर्जन झालं. प्रतिमा हॉलवर आली होती, कस्तुराबाईंबरोबर मुलांच्या वर्गाची वेळ ठरवत उभी. मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मिरवणुकीनंतर कृष्णाजीनं हळूच विचारलं, "वहिनी घरी कधी येणार, सर?" मला माहीत नाही. चार दिवस रोज एचएसआरला जातोय, पण घरी येशील का, हे मी एकदाही विचारलेलं नाही. विचारायचं फार आहे. रिकाम्या घराचं कुलूप उघडताना रोज वाटतं, आज विचारायलाच हवं होतं. पण सध्या पाळी तिची आहे, आणि ती मन लावून बोलतेय. काल बोलता बोलता तिनं माझ्या पानात न विचारता पोळी वाढली, आणि बोलत राहिली.

तिनं लग्नापासून सुरुवात केली होती. आज आम्ही एकोणीसशे शहाण्णवपर्यंत पोचलो.